डोळ्यांत पाहिल्याशिवाय वीट नाही

माझ्या थोरल्या नणंदेच्या हातून एखादी वस्तू घेणं हे अख्ख्या भिलाईतलं सर्वांत अवघड काम होतं, आणि त्या काळी भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, हे ध्यानात धरूनच मी हे म्हणतेय. घेणाऱ्याने डोळ्यांत पाहिल्याशिवाय ती वस्तू सोडतच नसे. खोड कामावरची. भट्टीच्या आतल्या अस्तराच्या विटा ठिसूळ, म्हणून आम्ही बाया रांगेत उभ्या राहून त्या हातोहात मिस्त्र्यापर्यंत पोचवायचो. समोरचीने पाहिलं की मगच सोडायची, हा रांगेचा नियम. बाकीच्या बाया तो नियम संध्याकाळी गेटावर ठेवून येत. बाई तो घरी घेऊन यायची. नणंदेला आम्ही घरात बाईच म्हणायचो. माझ्या नवऱ्याची चहाच्या गरम पितळीने कितीदा बोटं पोळली, कारण तो भावाच्या हक्काने इकडेतिकडे बघत हात पुढे करायचा. बाजारात एका भाजीवालीशी तिची भोपळ्यावरून चांगली ओढाताण झाली होती. एकदा तर एका रशियन साहेबाने पाण्याचा लोटा धरला, नजर मात्र नकाशात. बाईने लोटा सोडला नाही. साहेबाने दोनदा ओढून पाहिला, मग चमकून वर बघितलं आणि खो खो हसला. "आता पी बापा," बाई म्हणाली.

रांगेत तिची जागा शेवटची, थेट मिस्त्र्याच्या शेजारची. ती मानाची जागा. तिच्या मागे मी.

बाई ऐन तारुण्यात विधवा झालेली. भंडाऱ्याकडे नहराच्या कामावर असताना तिचं एका मिस्त्र्याशी जमलं होतं. तो बायकापोरांचा धनी. बोभाटा झाला तेव्हा मुकादमाने काढलं ते बाईला. मिस्त्री मान खाली घालून भिंत बांधत राहिला, तिच्याकडे नजर उचलून पाहिलंसुद्धा नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच त्याबद्दल बोलत नसे. मग एक दिवस बातमी आली की नागपूरहून मिस्त्र्यांची नवी टोळी येतेय, आणि त्यात तो आहे.

"बाई, जामुलले सिमेंटच्या कारखान्यात काम भेटते," माझा नवरा म्हणाला. "मी बोलून ठेवू का?"

"एकडाव मी गेली," बाई म्हणाली. "आता मी कावून जाऊ? हा कारखाना त्याच्या सासऱ्यानं बांधला का?"

बोलली खरी, पण तिला दोन घास जाईनात. मला फार भीती वाटत होती. त्याच्यासमोर तिच्या हातून एक जरी वीट पडली, तरी ती मानाची जागा जाणार आणि बाई पुन्हा कधी ताठ मानेने चालणार नाही, हे मला दिसत होतं. तिने मात्र तालीम सुरू केली. आमची झोपडी सेक्टर दोनच्या अर्धवट क्वार्टरांमागे होती. तिथल्या अंगणात रोज संध्याकाळी माझा नवरा मिस्त्री व्हायचा.

"मान खाली घाल. तो अशीच घालते."

"बाई, मले भाकर त खाऊ दे!"

"मिस्त्री भाकर मागत नसते. धर वीट." मग ती त्याला अशा काही शिव्या घालायची, की पलीकडच्या झोपडीतल्या बाया हातातलं काम टाकून ऐकायला यायच्या.

तो आला. समोर बाईला पाहिलं आणि त्याने मान खाली घातली, अगदी तालमीतल्यासारखी. न बघताच हात पुढे केला. बाईने वीट सोडली नाही. त्याने ओढली. तिने सोडली नाही. मागे सगळी रांग हातात विटा घेऊन खोळंबली, माझे तर दंड भरून आले. वरून मुकादम ओरडला, "काय होऊन राहिलं तिथं?"

पाठ केलेल्या शिव्यांतली एकही तिने काढली नाही. शांतपणे म्हणाली, "मिस्त्री, वर पाहा. न पाहता घ्यान त पडन."

त्याने वर पाहिलं. तिने वीट सोडली. मग दिवसभर दर विटेला त्याला पाहावं लागलं, आणि वीट एकही पडली नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. जामुलला गेल्याचं कळलं. त्या संध्याकाळी बाई रांगेच्या पुढे पदर खोचून असं काही गाणं म्हणत घरी आली, की बायांनी टाळ्यांनी रस्ता दणाणून सोडला. घरी तिने आम्हाला गुळाच्या पोळ्या करून वाढल्या. प्रत्येक पोळी अर्थातच डोळ्यांत बघून.

पुढे ती ही हकिगत सांगायची तेव्हा दर वर्षी त्यात भर पडे. मिस्त्री आधी घामाघूम झाला, मग रडला, शेवटी पाया पडला. मी हूं हूं करायची. म्हातारपणी एकदा ओसरीवर बसलो असताना, भट्ट्यांच्या धुराकडे बघत ती आपणहून म्हणाली, "त्याचे केस पिकले होते वो. डोळे त तसेच होते. त्यानं पाह्यल्यावरही पयली वीट मीच जराशी उशिरा सोडली."

मी तिच्या मागेच उभी होते. मला ते तेव्हाच दिसलं होतं.

मी चहाची पितळी तिच्यापुढे धरली. तिने धुरावरची नजर न काढता हात पुढे केला. मी पितळी सोडली नाही. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग मी ती तिच्या हातात दिली.