नव्याचा सण महिनाभर आधी आला

पितृपक्षातल्या षष्ठीला, घट बसायला दहा दिवस असताना, मी डोळखांबजवळचं घर सोडून इस्राएलला परत निघालो. आईने हातावर दही ठेवलं आणि ती आत गेली. जीपपर्यंत धाकटा भाऊ आला. तो वाशिंदच्या कारखान्यात कामाला आहे; त्याचं घरही तिथेच आहे. "दादा, घटात पेरायचं धान्य मी आणतो," एवढंच तो म्हणाला.

आमच्यात नवरात्राचा घट ज्याच्या हाताने बसतो, देव पुढे त्याच्या घरी राहतात. एकदा गेलेले देव परत आणत नाहीत. वडील गेल्यापासून घट आईच बसवत होती. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी पहिल्यांदा निघालो, तेव्हा तिचे हात कापायला लागले होते. ती म्हणाली होती, "यंदाचा घट मी बसवीन. फुडल्या सालचा तुजा. नाय आलास तं देव वाशिंदला जातील. मंग माज्याकडं रडू नको."

त्याआधी मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या बातम्या एका दैनिकाला पाठवत असे. आता अश्दोद शहरात रिबकाआजींची देखभाल करतो. आजी मूळच्या पेणकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. लग्नानंतर इकडे आल्या. घरात मराठी बोलतात आणि सणांना जुनी मराठी नावं वापरतात. वर्षाचा पहिला दिवस म्हणजे नव्याचा सण. कडक उपासाचा दिवस म्हणजे दारफळणी.

पहिल्या वर्षी नव्याचा सण आमचा घट बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. मी कालनिर्णयासारखं त्यांचं कॅलेंडर भिंतीवरून काढून ताडून पाहिलं. त्यांचाही महिना अमावास्येनंतर लागतो. त्यांचा पुरीमचा सण आमच्या होळीच्या पौर्णिमेला आला, पेसाहचा सण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास. फरक एवढाच दिसला की त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सण आदल्या संध्याकाळीच लागतो.

मी आजींना विचारलं, तुमच्यात अधिक महिना असतो का?

"असतो तर. नाय तं पेसाह सरकत सरकत थंडीत यायचा. तो वसंतातच यायला पायजे, तसं सांगितलंय."

मला वाटलं, हिशेब जुळला.

आजींचा मुलगा हैफाला नोकरी करतो. नव्याच्या सणापासून पुढे तीन आठवडे सणच सण असतात. तेवढे दिवस तो आईजवळ येऊन राहतो. माझी रजा तीच. वसंतात त्याने विचारलं, घरी कधी जायचंय? मी तारीख सांगितली नाही. नव्याच्या सणाला, म्हणालो. त्याने तिकीट काढून पाठवलं. तारखा मी फोनवर आईला वाचून दाखवल्या.

"तवा तं गणपती रे," आई म्हणाली. "घट कुठं?"

त्या उन्हाळ्यात आपल्याकडे अधिक महिना पडला होता. त्यांच्याकडे नव्हता. आपला अधिक महिना सूर्याने रास न बदललेला महिना असतो, तो वर्षात पुढेमागे पडतो. त्यांचा ठरलेला आहे. एकोणीस वर्षांत सात वेळा, आणि दर वेळी वसंताआधीचा अदार महिनाच दोनदा येतो. त्यांची पुढची पाळी येत्या मार्चची होती. तोवर दोन्ही पंचांगांत एक महिन्याचं अंतर पडलं होतं. हे मी कागदावर तीन वेळा मांडलं. दोन वेळा चुकलं.

आजी म्हणाल्या, "असतो असं मी बोलले. कवा असतो ते तू इचारलास कुठं?"

मुलाची रजा बदलत नव्हती. मी गणपतीत घरी गेलो. आईला सगळं समजावलं: एकोणीस वर्षं, सात महिने, अदार.

"बातमीदार ना रे तू?" ती म्हणाली. "लोकांच्या तारका लिवत होतास."

विसर्जनानंतर पंधरवडा लागला. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, आताच एक घट मांडू का, नुसता हात लावायला?

"पितरांच्या पंधरवड्यात घट? पानावर कोणाला बसवू, तुज्या बापाला का देवीला?"

धाकटा हसला. आईही हसली. मग तिने देवघरातला तांब्या पुसून त्याच्या पिशवीत ठेवला.

आजी सांगतात, मार्चमध्ये अदार दोनदा येईल आणि पुढच्या वर्षी नव्याचा सण पुन्हा घटापाशी येईल. मी ताडून पाहिलं. बरोबर दिसतं. ती रजा मागायची का, आणि मागितली तर उतरायचं डोळखांबला की वाशिंदला, हे मला अजून सांगता येत नाही. इथल्या फॉर्मवर घरचा पत्ता लागतो. मी डोळखांबचा लिहितो. देव तिथे नाहीत, आई आहे. इकडे येणाऱ्या आपल्या माणसांनी रजा मागताना सणाचं नाव सांगू नये, तारीख सांगावी.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला सकाळी वाशिंदला घट बसला. भावाने फोटो पाठवला. तांब्यावर त्याचा हात आहे, मागे घटासाठी आलेली आई पाटावर बसली आहे. त्या दिवशी संध्याकाळी सूर्य मावळल्यावर आजींच्या कॅलेंडरात हेश्वान महिना लागला. त्या महिन्यात एकही सण नाही.