सात पायऱ्यांच्या केल्या एकतीस

हसणार नसाल तरच सांगते, कारण असा गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

तुम्हाला माहीतच आहे, इथे अमेरिकेत नोव्हायमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी वॉरंटी क्लेम बघते. डीलर म्हणतो पार्ट खराब निघाला. खरं की थाप, ते मी ठरवायचं. एके सकाळी माझी मॅनेजर ब्रेंडा गोड हसून म्हणाली, "तुझ्या कामाच्या सगळ्या पायऱ्या लिहून दे ना. शुक्रवारपर्यंत."

मी लगेच ओळखलं! पायऱ्या कशाला लिहून घेतात? काम बाहेर द्यायला! आणि मी पडले व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा.

मी अविनाशकाकांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते. काका गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले, त्यामुळे सल्ला न मागता मिळतो.

"अगं, सरळ लिही," ते म्हणाले. "कंपनी बाहेर काय देते? ज्याची डोकेदुखी होते ते. नीट चाललेल्या कामाला कोण हात लावतं?"

"काका, तुमचा जमाना गेला! आता जे सोपं, ते आधी बाहेर जातं. अवघड असेल तेवढंच इथे राहतं."

"बघ बाई. मी आपलं चार वेळा होताना पाहिलंय, एवढंच."

मी ऐकतेय कसली!

माझ्या कामाच्या पायऱ्या किती? सात. मी लिहिल्या एकतीस. साधा फोटो तपासायचा, त्याच्या पाच केल्या. बाण काढले, बाणांवरून बाण नेले. शेवटी माझं काम मला तरी जमेल का, अशी शंका यायला लागली. म्हटलं, न्या आता कुठे न्यायचंय ते!

सोमवारी ब्रेंडानं केबिनमध्ये बोलावलं.

"बाहेर फक्त पेरोलचं काम द्यायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "क्लेम्स इथेच ठेवणार होतो. डीलर तुझ्यावर खूश आहेत. तू सुट्टीवर गेलीस तर कोणाला तरी बघता यावं, म्हणून लिहून मागितलं."

"मग?"

"मग हे वाचलं! एवढा गुंता? इथे दुसऱ्या कोणाला कधी जमणार? पुण्याच्या कंपनीकडे बारा जणांची टीम आहे. त्यांना शिकव. तोपर्यंत तू आहेसच."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

काल पहिला कॉल झाला. सकाळचे सात, समोर स्क्रीनवर बारा चेहरे. त्यातली एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "ताई, एकोणिसाव्या पायरीत लिहिलंय, डीलर थाप मारतोय का ते आवाजावरून ओळखायचं. तो आवाज जरा काढून दाखवता का? आम्ही रेकॉर्ड करतोय."

काय करणार? काढला!

"आणि ताई, पकडलं जाईन म्हणून घाबरलेला डीलर कसा बोलतो?"

तोही काढला. बाराच्या बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. "ताई, किती हुबेहूब!"

हुबेहूब म्हणे! अहो, त्या आवाजासाठी मला काही करावंच लागलं नाही.