कचकड्याचा कापूर

दत्तूला जाऊन महिना उलटला, तरी समाचाराला येणारा प्रत्येक जण एकच बोलतो... "भाग्यवान हो, काशीत देह ठेवला." पहिल्या दोघा-चौघांचं ऐकून घेतलं. मग एका गृहस्थांना सांगितलंच, की माझा भाऊ काशीला मरायला आला नव्हता. तो याच काशीत, दूधविनायक मोहल्ल्यातल्या माझ्या माहेरी जन्मला, इथेच वाढला, आणि गेला तो एका बंद खिडकीपायी. ते चहा अर्धा टाकून उठले. उठोत बापडे. धाकटा भाऊ भर तारुण्यात गेला आणि लोक माझ्याकडे त्याचं कौतुक करतात, हे मी किती दिवस सोसायचं?

आबा, म्हणजे आमचे वडील, दशाश्वमेधावर देशावरून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्ये. दत्तूनेही तेच करायचं, असं घरात ठरलेलं. पण त्याचं लक्ष संकल्पात कमी आणि यात्रेकरूंच्या मोडक्या छत्र्यांत जास्त. एकदा पाठशाळेतल्या म्हाताऱ्या शास्त्र्यांचा चष्मा मोडला. दत्तूने यमुनेचा, म्हणजे आपल्या बायकोचा, कचकड्याचा कंगवा कापून त्यांना चौकट करून दिली. यमुना दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी, पण शास्त्रीबुवा गल्लीभर मिरवले. पुढे कलकत्त्याहून कचकड्याचे, त्या सेल्युलॉइडचे, पत्रे येऊ लागले आणि निम्म्या मोहल्ल्याच्या नाकावर दत्तूच्या चौकटी बसल्या. हे लिहिताना माझ्या नाकावर आहे तीही त्याचीच.

काम चाले देवघराला लागून असलेल्या कोठरीत. बारीक करवतीने पत्रा कापायचा, कानस मारायची, शेगडीवर धरून मऊ झाला की वाकवायचा. कोठरीला खिडकी एकच, गल्लीकडची, आणि तिला आबांनी कधीचे खिळे ठोकलेले. मणिकर्णिकेला जाणाऱ्या तिरड्या त्याच गल्लीने जातात, देवांवर त्यांची सावली नको म्हणून. कचकडं तापलं की कापराचा वास सुटतो. आमच्यासारख्या घरात त्या वासाला कोण वाईट म्हणणार? दत्तू खोकू लागला तर आबा म्हणत, "कापूरच तो, छाती मोकळी होते." आणि दत्तूने ते खरं मानलं.

पत्रे पाठवणाऱ्या कलकत्त्याच्या दुकानदाराने त्याला बजावलं होतं. निखाऱ्यावर धरू नकोस, गरम पाण्यात मऊ कर. दारं-खिडक्या उघड्या ठेव, नाकातोंडाला ओलं फडकं बांध, भुसा आणि तुकडे पाण्याच्या बादलीत टाक. हे मला दत्तूनेच सांगितलं, आणि वर हसला, "बंगाली बाबू फार भित्रे गं, ताई." मी म्हटलं, मग खिडकी तरी उघड. तर म्हणे, "आरतीचा वास आहे. तुझ्या चुलीच्या धुरापेक्षा बरा." असा राग आला होता मला. अजून येतो.

त्या दुपारी शेगडीजवळच्या परातीत साठलेला भुसा धुमसू लागला. जाळ नाही, नुसता तांबूस धूर. यमुना दारातून ओरडली, "बाहेर या आधी." पलीकडे आबांची पूजा चाललेली. धूर देवांवर जाईल म्हणून दत्तूने काय करावं? दार आतून ओढून घेतलं, आणि बंद कोठरीत परातीवर गोणपाट दाबत बसला. बाहेर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मेला हसत होता... "आज आरती जरा जास्त झाली." संध्याकाळी जेवलाही. सकाळी त्याला श्वास पुरेना.

मी पोहोचले तेव्हा ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी कचकड्याचा तुकडा हुंगला आणि म्हणाले, "कपूर तो सिर्फ़ महक है, धुआँ इसका ज़हर है. कमरे में खिड़की नहीं थी?" आबा शेजारीच उभे होते. दिवेलागणीच्या आत दत्तू गेला, आणि त्याच गल्लीने आम्ही त्याला मणिकर्णिकेला नेलं.

परवा माहेरी गेले तर यमुना त्याच कोठरीत, त्याच पाटावर, त्याच्या अर्धवट चौकटी पुऱ्या करत बसलेली. तोंडाला ओलं फडकं, पण खिडकी बंद. माझं डोकं फिरलं. "तुलाही जायचंय का?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मामंजींना कोण सांगणार?" मी दत्तूची पक्कड उचलली आणि एकेक खिळा उपटून काढला. गंजलेले होते, हात सोलपटले. खिडकी उघडली, आणि तेवढ्यात गल्लीतून राम नाम सत्य है ऐकू आलं.

देवघरातून आबांचा आवाज आला, "यमुने, खिडकी लाव."

यमुनेने आजवर सासऱ्यांपुढे मान वर केली नव्हती. तिने तोंडावरचं ओलं फडकं खाली ओढलं. "नाही लावणार, मामंजी. देवांना बघू दे कोण जातंय ते."

तिरडी खिडकीवरून पुढे गेली. यमुनेने फडकं पुन्हा तोंडावर घेतलं आणि करवत उचलली.