चिलापी खणखणीत, तात्या गायब

माझ्या साउंडच्या मिक्सरला कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालेली नाही. ती मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, भर दुपारी केली.

भिगवणच्या अलीकडं हायवे सोडून उजनीच्या पाण्याकडं वळलं की एक गार्डन बार लागतो. म्हणायला बार, पण निम्मी गर्दी मासे खायला येते. रविवारी दुपारी एक ते चार तिथं बँड वाजतो आणि साउंड मी बघतो. मी मूळचा कळसचा. आयटीआय केलं, काही वर्षं वरातींचे स्पीकर ओढले, कानाचे पडदे शाबूत आहेत तोवर त्यातून बाहेर पडलो. आता आठवडाभर बारामतीत जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देतो आणि रविवारी मिक्सरमागं बसतो. बायको म्हणते, सहा दिवस तुमचं बरं असतं, सातव्या दिवशी अंगात येतं. मी नाही म्हणत नाही.

बँड चौघांचा. एक गाणारा, एक की-बोर्डवाला, एक ड्रम बडवणारा आणि चौथे तात्या. तात्या सत्तरीचे, इंदापूरचे. उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलेले. डीजे आले, त्यांचा बँड मोडला, लाल कोट नातवाच्या स्नेहसंमेलनात गेला, पण क्लॅरोनेट राहिली. बाकीचे तिघं त्यांच्या निम्म्या वयाचे आणि तात्यांना भिऊन असलेले. सूर चुकला तर तात्या काही बोलत नसत, नुसतं बघत. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

बारचे मालक अंगानं आडवे, प्रेमळ आणि माईकचे फार भुकेले. त्यांची एक पद्धत होती. मासे तळून झाले की काउंटरवरच्या माईकवरून पुकारा करायचा. "सात नंबर! चिलापी फ्राय तयार हाय! घिऊन जावा!" हा माईक माझ्याच मिक्सरला जोडलेला. गाणारा विरहानं व्याकूळ झालेला असायचा आणि नेमकी तेव्हाच चौदा नंबरची मरळ तळून व्हायची. पहिलं वर्ष मी भांडलो. मग सोडून दिलं. मालकासमोर शहाणपण चालत नाही.

एका रविवारी बँड सुरू व्हायच्या आधी तात्या माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आ केला. मला वाटलं, जांभई आली.

"बघ," ते म्हणाले. "ह्या मंगळवारी न्हाय, फुडच्या मंगळवारी बारामतीच्या डाक्टरानं बोलावलंय. समदे काढनार."

"समदे?"

"व्हय. शुगर जाग्यावर हाय तवर काढू म्हनतोय. वरचे तर नुसते लटकल्यात."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. सत्तरीत दात गेले तर कवळी बसवायची, हुरड्याचा नाद सोडायचा. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यावर तात्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावून दाखवली. वरचे दात तिच्या तोंडाच्या माथ्यावर टेकतात, खालचा ओठ पत्तीखाली येतो, सगळी पकड त्या दातांची. त्यांच्या जुन्या बँडमधल्या दोन जोडीदारांनी कवळी बसली त्याच वर्षी वाद्यं विकून टाकली होती.

"म्हनून म्हनतो," तात्या म्हणाले, "तेवढी माझी चाल टेप करून दे."

ही चाल काय होती ते सांगायला हवं. पूर्वी प्रत्येक बँडची एक पाठवणीची चाल असायची. नवरी गाडीत बसताना वाजवायची. बाकीचे बँड तिथं सिनेमातलं गाणं वाजवत. तात्यांनी मात्र स्वतःची बांधली होती. बावड्यापासून भिगवणपर्यंत किती पोरी त्या चालीवर रडत सासरी गेल्या असतील, देवाला ठाऊक. पण ती कुठंच उरली नव्हती. लग्नांच्या शूटिंगमध्ये तात्या दिसतात, गाल फुगलेले दिसतात, आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा.

"शूटिंगवाले वरनं पिक्चरचं गानं टाकत्यात," तात्या म्हणाले. "येवढी लगीनं वाजवली, पन माझा आवाज एका क्यासेटात न्हाय."

मी छातीवर हात ठेवला. म्हटलं, "तात्या, आजच करतो. आपल्याला काय अवघड हाय."

खरंच अवघड काही नव्हतं. मिक्सरच्या मागून एक वायर काढली, छोट्या रेकॉर्डरला जोडली, बटण दाबलं. तात्यांनी शेवटी पाठवणीची चाल वाजवली, अशी वाजवली की ताटावरचे लोक हात धुवायचे थांबले. मी अंगठा वर केला. "सोनं झालंय," म्हटलं. ऐकून बघायची तसदी घेतली नाही. पेन ड्राइव्हवर घालून तात्यांच्या खिशात टाकलं.

सोमवारी तात्यांचा फोन आला. त्यांनी घरी जुने जोडीदार गोळा केले होते, चहा ठेवला होता, नातवाचा स्पीकर लावला होता.

"अरं बाबा," तात्या म्हणाले, "चिलापी लय झ्याक वाजलीय. मी कुठं हाय?"

मी मोटारीच्या दुकानात होतो. काय झालं असणार ते मला त्या एका वाक्यात कळलं.

लहान जागेतला साउंड असा असतो: जे मुळातच मोठं वाजतं ते स्पीकरमधून द्यायचं नसतं. गाणाऱ्याचा आवाज बारीक, तो मिक्सरमधून वाढवायचा. तात्यांची क्लॅरोनेट म्हणजे भर उन्हात, घोड्यापुढं, फटाक्यांच्या वर ऐकू जाण्यासाठी कमावलेला आवाज. पत्र्याच्या शेडखाली त्याला स्पीकर कशाला? त्यांच्यासमोर माईक होता, पण तो मानाचा. वडीलधाऱ्या वादकाला माईक नाही हे बरं दिसत नाही, म्हणून ठेवलेला. मिक्सरवरची त्याची आवाजाची सरकती दांडी, आठव्या नंबरची, मी पाच वर्षं तळाला, म्हणजे बंदच, ठेवली होती आणि हे तात्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता रेकॉर्डर फक्त मिक्सरमधून गेलेलं टिपतो. म्हणजे गाणारा आला, की-बोर्ड आला, मालकांचा माईक तर फारच सुंदर आला, आणि तात्या दुसऱ्यांच्या माईकमधून चोरपावलानं शिरले तेवढेच. इतका साधा हिशेब मला सुचला नव्हता. वीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून सांगतो आणि ही अक्कल.

संध्याकाळी स्कूटर काढून इंदापूरला गेलो. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. तात्या ओट्यावर बसले होते. मी सगळं कबूल केलं, आठव्या दांडीसकट.

"म्हंजी पाच वर्सं मी मुक्या माईकात वाजवतोय?"

"तुमाला माईक लागतच न्हाय तात्या. येवढा आवाज कुनाचाच न्हाय."

मला वाटलं, आता उठून आत जातील. मग आतल्या बाजूला मान वळवून काकूंना ओरडून म्हणाले, "ऐकलं का? हा म्हनतोय मला माईक लागत न्हाय!" आणि मला चहा मिळाला. पण चहा पिताना मी त्यांचे हात बघत होतो. गुडघ्यावर बोटं चालली होती, चालीचीच. मला फार वाईट वाटलं. दातांना आठ दिवस राहिले होते आणि त्यातला एकच रविवार.

मध्ये बुधवारी मी त्यांना बारामतीत एका ओळखीच्याच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं. चारी भिंतींना स्पंज लावलेली, बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. तात्यांनी दोन ओळी वाजवल्या आणि क्लॅरोनेट खाली ठेवली. "हितं कुनी न्हाय," म्हणाले. "कुनाची पाठवनी करू, भिताडाची?" आम्ही मिसळ खाल्ली आणि परत आलो.

मग रविवार. मी अकरालाच जाऊन पोचलो. या वेळी मिक्सरवर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. शेडच्या आडव्या पाइपाला, तात्यांच्या समोर चार हातांवर, एक चांगला माईक टांगला आणि सरळ रेकॉर्डरला जोडला. शेडमध्ये जे वाजेल ते सगळं त्यात येणार होतं. म्हणजे तात्या येणार होते, पण चमचे, पंखे आणि मालकसुद्धा.

मालकांना मी गाठलं. "पंधरा मिनटं पुकारा बंद."

"पन मासं गार हुत्यात की!"

"तात्यांचे दात मंगळवारी जानार हायत."

मालकांचा चेहरा पडला. त्यांच्या दोन्ही बहिणींच्या लग्नात तात्यांनीच वाजवलं होतं. त्यांनी माईकवरून सगळ्यांना हकिकत सांगितली, जरा वाढवूनच, आणि हात जोडून शांत राहायची विनंती केली. आता पिऊन बसलेल्या माणसांना शांत राहायला सांगण्यासारखी चूक नाही. सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं की जो तो दुसऱ्याला गप्प करायला लागला. "ए, गप की!" "तूच गप!" "तात्याचं दात जायाला लागल्यात आन् तू काय चाकना मागतोय?" एकजण तर उठून कोपऱ्यातल्या पंख्याला दम देऊन आला. तात्या क्लॅरोनेट हातात धरून हे बघत होते आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

अखेर शांत झालं. तात्यांनी डोळे मिटले आणि चाल धरली.

मी ती पाच वर्षं ऐकत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मिक्सर सोडून ऐकली. सुरुवातीला ती साधी, अंगणात हळूहळू गोळा होणाऱ्या बायकांसारखी. मग मध्ये एका जागी सूर वर चढतो आणि तिथंच थांबून राहतो. तिथं गाडीचं दार लावायचे, असं तात्या सांगत. समोरच्या टेबलावर पांढऱ्या कपड्यातला एक दांडगा माणूस होता. चाल त्या जागेला आली आणि तो रुमाल शोधायला लागला. तात्यांनी तो सूर धरला, धरला—

"अकरा नंबर! चिलापी फ्राय—"

मालकांचा हात सवयीनं माईकवर गेला होता. ते तिथंच गोठले. मग माईक न सोडताच कळवळून म्हणाले, "चुकलं, तात्या!"

तात्या थांबले नाहीत. सूर तसाच धरून त्यांनी शेवटी एक छोटीशी गिरकी घेतली, वरातीत आडव्या आलेल्या म्हशीला बाजूला करावं तशी, आणि खाली उतरून चाल पुरी केली. मग जो ओरडा झाला तो सगळा रेकॉर्डरमध्ये आहे.

मी धावत गेलो. "तात्या, परत घेऊ. सगळ्यांना परत गप करतो."

तात्या ओठ पुसत होते. वरच्या हिरडीतून थोडं रक्त आलं होतं. "नगं," म्हणाले. "पाठवनी दोनदा करत न्हाईत."

त्यांच्या कानाला मी हेडफोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं, पहिल्यापासून ओरड्यापर्यंत. चेहऱ्यावर काही दिसेना. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्या बारीला दोगंबी हाय. मी बी आन् चिलापी बी." मग पाठ फिरवून पाण्याकडं बघत बराच वेळ उभे राहिले. मी तिकडं गेलो नाही.

मंगळवारी दात गेले. त्यानंतर तीन महिने तात्या बारवर आले नाहीत. बँड तिघांचाच वाजायचा. आठव्या माईकचा स्टँड मी काढला नाही. गाणारा एकदा म्हणाला, मधे येतोय, काढू का? माझं डोकं फिरलं. त्यानं परत विचारलं नाही.

थंडी सुरू झाली आणि एका रविवारी तात्या आले. हातात क्लॅरोनेटची पेटी होती. गाल आत गेलेले, तोंड बोळकं.

"कवळी?" मी विचारलं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशावर टिचकी मारली. आत डबी वाजली. "ती जेवायला. हिला नको."

घरी त्यांनी नवीनच मेहनत केली होती. वरचा ओठ आत दुमडून हिरडीवर घ्यायचा आणि त्यावर क्लॅरोनेट टेकवायची. पहिला महिना नुसती हवा जायची. काकू म्हणायच्या, शेरडाला कंठ फुटला. आता जमतंय म्हणे.

ते आपल्या जागी उभे राहिले आणि पाठवणीची चाल धरली. सूर बरोबर होते, एकूण एक. पण आवाज लहान झाला होता, मऊ, त्यात श्वास ऐकू येत होता. ड्रमवाल्यानं काठ्या हलक्या केल्या तरी तात्या त्याखाली बुडून जात होते. मागच्या टेबलांना फक्त त्यांचे गाल दिसत होते, शूटिंगमध्ये दिसतात तसे. तात्यांनी वाजवता वाजवता डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

मी आठव्या दांडीवर बोट ठेवलं. पाच वर्षांची धूळ बसलेली, वर सरकवताना स्पीकरमधून खर्रकन आवाज आला. मग तात्या आले. सगळ्या शेडभर, पार पाण्यापर्यंत. काउंटरवर मालक माईक पाठीमागं लपवून उभे होते. नऊ नंबरची चिलापी गार झाली, पण तक्रार कुणी केली नाही.

चारला सामान आवरताना तात्या जवळ आले आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "आता तुझ्याबिगर भागायचं न्हाय बघ."

नेहमीप्रमाणं मी मिक्सरवरच्या सगळ्या दांड्या खाली ओढल्या. आठवी होती तिथंच राहू दिली.