अतिदक्षता विभागातला गोठलेला पडदा

सेवेत असताना मी खुनांचे तपास केले, दरोड्यांचेही केले. तरी निवृत्तीनंतरही मनातून जात नाही, ती घटना महादेवपुऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयातली.

मी तिथे, कानडी मुलखात, पोलीस निरीक्षक होतो. ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयाच्या संगणक विभागप्रमुखाचा फोन आला. आदल्या दिवशी त्यांचे नेटवर्क काही वेळ ठप्प झाले होते. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेजवळच्या यंत्राचा इशारा परिचारिकांच्या टेबलावरच्या पडद्यावर येतो. तो पडदा गोठला. कोपऱ्यातल्या बंद खोलीत एका वृद्धाचे हृदय थांबले आणि ते कुणाला वेळेत कळलेच नाही.

"हे आमच्या नेटवर्क इंजिनिअरनं केलंय," तो म्हणाला. "तिनं राजीनामा दिलाय, नोटिशीचा महिना चालू आहे, मनात राग आहे. त्याच वेळी ती घरून आमच्या सिस्टीममध्ये शिरली होती."

वृद्धाच्या मुलाची फिर्याद नोंदवली. इंजिनिअर मूळची नागपूरची, मारतहळ्ळीत एकटी राहायची. पंचनामा करून तिचा लॅपटॉप जप्त केला आणि महिला हवालदारासमक्ष तिला चौकशीला बसवले. मी निपाणीकडचा, मराठी घरातला. मराठीत बोललो तशी ती जरा सावरून बसली.

"सिस्टीममध्ये शिरला होतात?"

"हो सर. पण बंद करायला नाही, चालू करायला. सिस्टरचा फोन आला होता. मला आत काही करताच येईना, सगळं जाम झालं होतं."

"राजीनामा का दिला?"

"आयसीयूचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं करा, म्हणून मी मागे लागले होते. विभागप्रमुख साहेब म्हणाले, सांगितलं तेवढंच काम करायचं." तिने बोटाने टेबलावर एक गोल काढला. "सर, एकाच वायरची दोन्ही टोकं कुणी त्याच नेटवर्कला जोडली की असं होतं. तेच ते संदेश गोल गोल फिरत राहतात आणि बाकी सगळ्यांची वाट अडते."

परिचारिकेने दुजोरा दिला. "मीच इंजिनिअर अक्काला फोन केला, सर. खाली ऑफिसात कुणी उचलत नव्हतं. मग पडदा एकदम आपोआप सुरू झाला."

मी विभागप्रमुखाला ठाण्यात बोलावले. नेटवर्क बंद कसे पडले, हे त्याने घडाघडा सांगितले. चालू कसे झाले, असे विचारल्यावर आधी म्हणाला पासवर्ड बदलले, मग म्हणाला सगळे रीस्टार्ट केले. खोटे बोलणारा माणूस गुन्ह्याची गोष्ट पाठ करून येतो. त्यानंतर काय झाले, याची तयारी त्याने केलेली नसते.

मी अंदाजाने खडा टाकला. "कुठली वायर उपसलीत?"

त्याने पाणी मागितले. मग म्हणाला, "मीटिंगला पाहुणे यायचे होते. टेबलाखाली वायर लोंबत होती, बरी दिसत नव्हती. तिचं मोकळं टोक मी भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटमध्ये खोचलं. दुसरं आधीच जोडलेलं होतं."

"आणि कळल्यावर?"

"कळलं तशी वायर उपसली, पण तोवर वरून आयसीयूतून निरोप आला होता, पेशंट गेला म्हणून. मी घाबरलो, साहेब."

घाबरला, पण एका निरपराध बाईचे नाव घ्यायला कचरला नाही. पुढे रुग्णालयाने मोठे वकील उभे केले, कुटुंबाशी तडजोड केली. फिर्यादी न्यायालयात उलटला. विभागप्रमुखाची हेब्बाळच्या शाखेत बदली झाली, तीही वरच्या पदावर. इंजिनिअरचा फोटो मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी वाहिनीला पुरवला होता. ती निर्दोष असल्याची बातमी कुणीच दाखवली नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेली की नाव ऐकून माणसे 'कळवतो' म्हणून तिला वाटेला लावत.

तपास पूर्ण झाला म्हणजे न्याय झाला, असे मी अर्धे आयुष्य मानत आलो. ते मानणे या प्रकरणाने संपवले. खरे शोधून काढणे माझ्या हातात होते. ते कुणाला हवे आहे का, हे माझ्या हातात नव्हते.

नागपूरला कायमची परतण्याआधी ती लॅपटॉप घ्यायला ठाण्यात आली. सही करून उठली आणि दाराशी थांबली.

"सर, त्या आजोबांचं नाव काय होतं? मला कुणी सांगितलंच नाही."

मी नाव सांगितले. एवढ्या चौकशीत रुग्णालयाच्या कुणीही ते माझ्यासमोर उच्चारले नव्हते. सगळे त्यांना खाटेच्या क्रमांकानेच ओळखत होते.