वकीलबाईंच्या सुरकुत्या

तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. स्टुडिओत येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, पण आपल्या गालावरचा व्रण फोटोतून कोण नाहीसा करतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या खोलीत नवरा फोटो काढायचा, काउंटरवर नणंद बसायची, आणि मागे पडद्याआड, खिडकीपाशी तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून पेन्सिलबाई गावाची तोंडं दुरुस्त करायची.

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटला होता, आणि सुनेने एकदा दिवा न लावता सुईत दोरा ओवलेला त्यांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात टोकदार पेन्सिल आली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, ते म्हणाले. सुरकुती तिथे फिकट रेघ म्हणून दिसते. ती पेन्सिलीने भरली की कागदावर कातडी गुळगुळीत उतरते. काळं हवं असेल, भुवई किंवा मिशी, तर पात्याच्या टोकाने हलकेच खरवडायचं. पात्याला मात्र त्यांनी तिला तीन वर्षं हात लावू दिला नाही. "माणूस आरशात दिसतो त्याहून थोडा बरा दाखवायचा," ते सांगत, "पण इतका नाही की ओळखपत्र बघून शिपायाने दारातच अडवावं."

सासरे गेले, बावीस वर्षं झाली. रस्त्यात कोणी भेटलं तर पेन्सिलबाईला नाव आठवत नसे, नाकपुडीजवळचा मस आठवे. नवऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याचा जीव उजेडात. रोज सकाळी तो बायकोला स्टुलावर बसवायचा, "जरा बस, उजेड बघू दे," म्हणायचा, आणि बघून झाला की उठवायचा. त्या स्टुलावर तिचा एकही फोटो कधी निघाला नाही. तिने मागितला नाही, त्याला सुचलं नाही. सगळ्यांचे संसार असेच असतात, असं ती स्वतःला समजवायची, आणि वकीलबाई येईपर्यंत ते पटतही होतं.

वकीलबाई वकील संघाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. कोर्टाच्या वाचनालयात आधीच्या अठरा अध्यक्षांचे फोटो ओळीने टांगलेले, सगळे पुरुष. आता एकोणिसावी ही पहिली बाई. फोटो देखणा आला. वकीलबाईंनी तो पाहिला, काउंटरवर पालथा ठेवला आणि ही मी नाही, असं शांतपणे सांगितलं. पुन्हा बसल्या. दुसराही देखणा आला. तोही पालथा पडला.

एखाद्या फोटोग्राफरने कपाळाला हात लावला असता. पण आमच्या या गृहस्थाला चेव चढला. तिसऱ्या बैठकीच्या दिवशी तो दाढी करून, ठेवणीतला सदरा घालून आला. बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि आतून त्याचा आवाज येत होता: हनुवटी जरा खाली, आता खिडकीकडे, वा. पेन्सिलबाईला आयुष्यात नवऱ्याकडून मिळालेले "वा" एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि त्यातले दोन भाजीला मिळालेले होते.

तिच्या पोटात दुखू लागलं. हातातलं काम सोडून ती पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहू लागली. ती बाई कशी बसते, हसताना ओठाचा कुठला कोपरा आधी हलतो, चष्मा काढल्यावर नाकावर किती खोल खुणा राहतात, सगळं तिने टिपलं. यांना काय दिसतं तिच्यात? पन्नाशीची बाई, भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, नाकापासून ओठांपर्यंत खोल रेघा. बरं, वाईट दिसत असती तर तेवढंच समाधान. तशीही ती दिसत नव्हती.

नणंद आगीत तेल ओतायला तयारच होती. दादा हल्ली गुणगुणतो, वहिनी, तुमच्या लक्षात आलं का, असं तिने दोनदा विचारलं. पेन्सिलबाई म्हणाली, वन्सं, गुणगुणू दे. आणि घरी जाऊन तिने त्या सदऱ्याला मुद्दाम इस्त्री केली नाही.

तिसराही फोटो पालथा पडला. चौथ्या बैठकीचं निगेटिव्ह तिच्या काचेवर आलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला करायला काही शिल्लकच नव्हतं. उजेड असा कलता, असा मऊ घेतला होता की आठ्या गेलेल्या, रेघा गेलेल्या, वय पंधरा वर्षांनी उतरलेलं. तिची पेन्सिल इतकी वर्षं जे करत आली ते नवऱ्याने कॅमेऱ्यानेच करून टाकलं होतं, आणि तेही त्या बाईसाठी. एखाद्याला इतकं जपून कोणी उगाच बघत नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

नवरा त्या दिवशी शाळेत वर्गांचे फोटो काढायला गेला होता. तिने पातं उचललं. आधी आठ्या खरवडल्या, मग नाकाशेजारच्या रेघा, मग डोळ्यांखालचं जाळं. म्हातारी दिसू दे, चांगली दिसू दे म्हातारी. पण हाताला सवय एकाच गोष्टीची, जे पाहिलं ते करण्याची. न पाहिलेली एक रेघसुद्धा त्याच्याच्याने ओढवली नाही. मग तिने स्वतःच दोन प्रती छापल्या आणि नणंदेने त्या पाकिटात घालून चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. नवऱ्याने त्यांच्यासमोर पाकीट फोडलं आणि त्याचा चेहरा उतरला. छपाईत काहीतरी गोंधळ झालाय, तुम्ही पुन्हा बसा, असं तो बोलू लागला. वकीलबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. फोटो दाराशी नेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ही मी," त्या म्हणाल्या. "ही आठी माझ्या आईची. तीन फोटोंतून तुम्ही माझी आईच काढून टाकली होती. हा कोणी केला?"

नणंदेला संधी मिळाली. आमच्या वहिनीने, असं तिने लगेच सांगितलं. पेन्सिलबाई पडदा सारून बाहेर आली. करायला गेली एक आणि झालं भलतंच, पण निदान आभार तरी गपचूप घ्यावेत की नाही? तिला ते जमलं नाही.

"तुम्ही म्हाताऱ्या दिसाव्यात म्हणून केलं," ती म्हणाली. "जळत होते मी तुमच्यावर. हे तुमच्याकडे बघत बसतात म्हणून."

वकीलबाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा कच्च्या साक्षीदाराकडे बघावं तसं नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"हे? चार वेळा बसले मी यांच्यासमोर. माझे डोळे कुठल्या रंगाचे आहेत, विचारा यांना. हे खिडकीकडे बघत होते, बाई. मला बघितलं ते तुम्ही."

एक प्रत घेऊन त्या गेल्या. नणंदेला एकाएकी शेजारच्या दुकानात काम आठवलं. पेन्सिलबाईच्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं, आणि थोडं उतरलंही. पण मग आजवर हा माणूस कुणाकडेच बघत नव्हता की काय, हा विचार त्या ओझ्यापेक्षा हलका नव्हता.

नवरा दुसरी प्रत हातात धरून उभा होता.

"माझ्या निगेटिव्हमध्ये हे नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मग हे खोटं आहे."

"त्यांच्या तोंडावर होतं."

त्याने प्रत काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, इतकी वर्षं फोटो काढतोय, पण माझ्या फोटोला 'हा मी' असं एकाही माणसाने म्हटलं नाही. त्याचा आवाज कडू झाला होता. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती नजर प्रेमाची नव्हती, एवढं कळायला ती खुळी नव्हती. पोटात दुखणाऱ्या माणसाची नजर तिला पुरती ओळखीची झाली होती. महिनाभर ती स्वतः तीच घेऊन जगली होती. तसं बघणारा काही म्हणता काही सोडत नाही. ती जागची हलली नाही. त्याची नजर तिच्या कपाळावरून खाली आली, भुवयांपाशी अडली, गालावर उतरली आणि थांबली.

"हा डोळ्याखालचा तीळ," तो म्हणाला, "कधी आला?"

"लग्नाआधीपासून आहे," ती म्हणाली.