तीन रकान्यांची पत्रिका

माझा पहिला संगणक हट्टी होता आणि मीही हट्टी, म्हणून आमचं सात वर्षं जमलं. लग्न होऊन धुळ्यात आल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायला लागले, ती त्याच्याच जिवावर. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि डॉसच्या सगळ्या आज्ञा मला तोंडपाठ. पान छापून हातात येईपर्यंत कसं दिसेल ते देवाला ठाऊक, त्यामुळे पडद्याकडे बघायची सवय मला कधी लागलीच नाही. नजर समोरच्या कागदावर आणि बोटं आपली चालू. ही माझी टायपिंगच्या क्लासपासूनची ऐट होती.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा तो रुसायला लागला. दहा मिनिटं चालायचा आणि अर्धा तास गप्प बसायचा. समोर कूलर लावून पाहिला, मागचं झाकण उघडं ठेवून पाहिलं. दुरुस्तीला येणारा माणूस शेवटी म्हणाला, "ताई, आता याचे पार्ट मिळत नाहीत. किती दिवस ओढणार?" मला त्याचा रागच आला. पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, तिची पत्रिका मीच करणार हे मी सगळ्या गावाला सांगून बसले होते, आणि ती पत्रिका अर्ध्यात अडकली असती तर मी तोंड कुठे लपवलं असतं?

म्हणून दुसऱ्या कंपनीचा नवा संगणक आला. त्यात विंडोज. हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर डाफरले. सगळ्यात जास्त चिडले ती माउसवर. पडद्यावर बाण वर न्यायचा म्हणून मी तो माउस टेबलावरून उचलून हवेत वर धरायची. आमचे हे दारात उभे राहून हसले, तेव्हा त्यांना मी सांगितलं की चहा आज तुम्हीच करा. जुना संगणक मी शेजारच्या टेबलावर तसाच वायरीसकट ठेवला होता. नव्याशी नाही पटलं तर माघारी जायची वाट असावी, एवढाच हेतू.

आता त्या पत्रिकेतली खरी अडचण सांगते. आमच्याकडे पत्रिकेवर भाऊबंदांची नावं लागतात, आणि कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून माणसं जेवणाच्या पंगतीतून उठून जातात. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, दोन चुलतभाऊ. आबा वयाने सगळ्यांत मोठे, पण धाकट्या पातीचे, म्हणजे घराण्याच्या धाकट्या शाखेचे. नाना चार वर्षांनी लहान, पण थोरल्या पातीचे. मान वयाचा की पातीचा, हा वाद. तीन वर्षांपूर्वी घरातल्याच एका लग्नात नानांचं नाव वर लागलं आणि आबा आलेच नाहीत. तेव्हापासून एक जिथे जाईल तिथे दुसरा जायचा नाही.

अण्णांचे वडील ते लहान असतानाच गेले. आबांनी त्यांना सायकलवर बसवून अमळनेरच्या शाळेत पोचवलं आणि नानांच्या चुलीवरची भाकरी खाऊन ते शिकले, मास्तर झाले. दोघांतला एकही मांडवात नसला तर अण्णांच्या दृष्टीने ते लग्नच नव्हतं. त्यांनी चार वेळा यादी केली आणि चार वेळा फाडली. शेवटी वयाचा मान ठेवला. आबा पहिले, नाना दुसरे. "नानाच्या घरी मी स्वतः जाईन, पाय धरीन," असं म्हणून एकवीस नावांचा तो कागद त्यांनी माझ्याकडे दिला.

जुन्या संगणकावर ही नावं एकाखाली एक, किराणा सामानाच्या यादीसारखी लागली असती. पण नव्यावर तीन रकाने पाडता येत होते, कडेला वेलबुट्टी घालता येत होती. पडद्यावर दिसेल तसंच छापून येणार, याचं मला फार कौतुक वाटलं. शिकवायला आलेला मुलगा सांगून गेला होता की पुढच्या चौकटीत जायला टॅब दाबायचा. मी नेहमीसारखी कागदावर नजर लावली आणि नाव, टॅब, नाव, टॅब करत एकवीसच्या एकवीस नावं ठोकली. मग यादीशी ताडून एकेका नावावर खूण केली. सगळी होती, ओळीने होती. बटर पेपरवर प्रिंट काढली, छापखान्यात दिली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचशे पत्रिका तयार.

अण्णा एसटीने त्या न्यायला आले. पत्रिका उघडली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली आणि खाली बसले.

"नाना आठवा कसा गेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अण्णा, दुसरेच आहेत की. हे बघा, आबांच्या शेजारी."

"शेजारी कोण वाचतं? माणूस वरून खाली वाचतो."

मी पत्रिका हातात घेऊन वरून खाली वाचली. टॅब दाबला की पुढची चौकट खाली येते असं मी धरून चालले होते. ती उजवीकडे येत होती. आडवं वाचलं तर आबा, मग नाना. उभं वाचलं तर आबांच्या खाली माझा एक कालचा पोरगेलासा चुलतभाऊ, आणि नाना मधल्या रकान्याच्या टोकाला, मोजून आठवे. ताडतानाही मी आडवंच वाचलं होतं. नजर पडद्यावर न ठेवण्याची ती माझी ऐट मला त्या दिवशी अक्षरशः टोचली.

पुन्हा छापायला छापखाना लग्नसराईत आठवडाभर मोकळा नव्हता. बारा दिवसांवर लग्न आणि गावोगाव स्वतः जाऊन आमंत्रणं द्यायची. अण्णा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चूक माझी, तेव्हा नानांसमोर मीही येणार, असं म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले.

आमचं गाव अमळनेरजवळ. आधी आबांकडे गेलो, कारण तिथे धोका कमी. आबांनी पत्रिका हातात धरली, डाव्या कोपऱ्यात वरती आपलं नाव बघितलं आणि "बरं शे" म्हणून ती देवापुढे ठेवली. आबांच्या सुनेने पाणी दिलं. मी ते घोटभर प्यायले, बाकीचं तसंच राहिलं.

नाना ओट्यावर बसले होते. अण्णा काही बोलायच्या आत मीच पत्रिका पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि नावांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट कुठून कुठे जातंय ते मला बसल्या जागेवरून दिसेना. अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून बसले होते. आयुष्यभर वर्गात पोरांना दरडावणारा माणूस असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्या क्षणी तो संगणक उचलून पांझरा नदीत फेकावासा वाटला.

"हाई कोनी लावं?" नानांनी विचारलं.

"मी, नाना. चुकलं माझं."

"चुकनं काय त्यामा? मधमा नाव शे मनं. फोटूमा मधमा कोन बठस? ज्यानं मान ऱ्हास तोच ना?" मग ते घरात बघून ओरडले, "चहा ठेवा वं, धुळानी पोर उनी शे."

मी चहा प्यायले, त्यावर पोहे खाल्ले, आणि आग्रह झाला तेव्हा पुन्हा चहा प्यायले. परतीच्या एसटीत, मला धुळ्यापर्यंत सोडायला आलेले अण्णा खिडकीपाशी बसले होते. एकदम हसायला लागले, एवढे की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मलाही हसू आवरेना. एक वरून खाली वाचतो, एक मधोमध बघतो, आणि दोघेही पहिले. हे मला ठरवून जमलं असतं का? जन्मात नाही. घरी आले आणि जुन्या संगणकाच्या वायरी काढून त्याला माळ्यावर टाकलं. नव्याशी पटलंय असं नाही, पण त्याचा माझ्यावर उपकार झाला होता, आणि यापुढे पडद्याकडे बघून टाइप करायचं हे मला कळलं होतं.

लग्नात दोघेही आले. बोलले नाहीत, पण एकाच मांडवात बसले, आणि बहिणीने दोघांच्याही पाया पडून घेतलं. अण्णा इकडून तिकडे पळत होते, उगाचच, काही काम नसताना. मला इतकं हलकं वाटत होतं की मी तीन जणींना नऊवारी नेसवून दिली, जे मला धड येतही नाही.

पंगती उठल्यावर नानांना पान द्यायला गेले. न राहवून म्हटलं, "नाना, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. मी तर घाबरूनच गेले होते."

नानांनी पान घेतलं, चुना बोटाने पुसला. "माय, मी उभं बी वाचं व्हतं," ते म्हणाले. "आठवा येस मी."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय? तीन साल व्हयनात, आबाना संगे चहा पिधा नही मी. कोनी तरी काही तरी असं करो की माले येता यावो, इतलंच पाहिजे व्हतं." ते पलीकडच्या खुर्चीकडे बघत होते. आबा तिथे एकटेच बसले होते. "तो बी वाची ऱ्हायना व्हई. त्याले काय उभं-आडवं समजत नही का?"

मग पान तोंडात टाकून ते उठले आणि आपली खुर्ची उचलून तिकडे चालू लागले.